आत्मा खाणारा राक्षस आणि बाहेरून लावलेली कडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका पालकांनी तक्रार केली होती. शाळांच्या चित्रकला स्पर्धांमध्ये ‘आत्मे खाणारे राक्षस’ दिसू लागले आहेत, ही परदेशी विकृती आहे, अशी चित्रं बाद करावीत आणि काढणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना बोलावून समज द्यावी, असा पत्राचा सूर होता. त्यांनी ज्या स्पर्धेचं नाव घेतलं तिथे परीक्षक म्हणून मी होते. आयोजकांचं नाव पुन्हा छापण्यात मला रस नाही, त्यांची अडचण मी समजू शकते. पण ज्या चित्रावरून हे सगळं सुरू झालं ते पत्रलेखकांनी नीट पाहिलेलं दिसत नाही. मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

चित्र अर्ध्या इम्पीरिअल कार्ट्रिज कागदावर, पोस्टर कलरमध्ये. काढणारी सातवीतली मुलगी. रात्रीचा देखावा, पण काळा रंग तिने बाटलीतून थेट फासला नव्हता. गडद निळ्यात तपकिरी कालवून अंधार केला होता. ज्यांनी कधी ब्रश धरला आहे त्यांना कळेल की तेवढ्यावरच माझ्याकडून तिला अर्धे गुण मिळून चुकले होते. मेट्रोच्या दोन खांबांमध्ये एक उंच, पाठीत वाकलेला प्राणी उभा. डोळे नाहीत, नाकाच्या जागी दोन चिरा, हात गुडघ्यांच्याही खाली लोंबणारे. छातीच्या बरगड्या उघड्या आणि त्या बरगड्यांच्या पिंजऱ्यात माणसं, करंगळीएवढी, पिवळट उजेडाची. एक बाई पदर खोचून बसलेली. एक पोरगा दप्तरावर डोकं ठेवून झोपलेला. आणि पिंजऱ्याला कडी. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या दारांना असायची तशी साखळीची कडी, बाहेरच्या अंगाने लावलेली.

मी तिला बोलावून विचारलं, हा काय करतो? ती म्हणाली, “मॅडम, हा रक्त नाही पीत. आत्मा खाते फक्त.” पोट कुठे दाखवलं नाहीस ते? “पोट नाहीच ना त्याले. आत्म्याले वजन नसते, तं पोट कायले पाहिजे?” बरं, आणि ही कडी बाहेरून काहून? माझ्याकडे तिने जरा दयेनेच पाहिलं. “आतून लावली असती तं बाहेरच्याले उघडता कशी आली असती?”

निकालानंतर प्रदर्शन लागलं तेव्हा ते चित्र भिंतीवर नव्हतं. पालक येतील, अपशकुनी दिसतं, असं मला सांगण्यात आलं. त्या जागी भाजीबाजाराचं एक चित्र टांगलं होतं. या भाजीबाजाराबद्दल मला पुढे बोलायचं आहे.

आधी ‘परदेशी’ या आरोपाचं पाहू. ज्या शहरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते त्या शहरातल्या माणसाने भयंकर आकृत्या पोरांसाठी वाईट असतात म्हणावं, याचं मला नवल वाटलं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. बांबूच्या कमच्यांवर कागद-कापड चढवून केलेली, विक्राळ तोंडाची, दोन मजली घराला भिडेल अशी ती बाई इतवारीच्या गल्ल्यांतून सरकते तेव्हा बापाच्या खांद्यावर बसलेलं तीन वर्षांचं पोर टाळ्या पिटत असतं. “इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” ही आरोळी त्या पोराला बाराखडीच्या आधी येते. काही जण मारबतीचा संबंध पूतनेशी जोडतात, काही जण काळीचा संबंध इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या बाकाबाई भोसलेंशी. दोन्ही गोष्टी मी लहानपणी एकाच चौकात ऐकल्या आणि दोन्ही खऱ्या मानल्या. आपल्याकडे राक्षस लपवत नाहीत. गावभर मिरवतात, मग जाळतात.

पूतनेचं निघालंच म्हणून. भागवताच्या दशम स्कंधात ती विष लावलेलं स्तन पाजायला येते, आणि बाळकृष्ण दुधाबरोबर तिचे प्राणही ओढून घेतो. चित्रकाराच्या नजरेने पाहा: खाणारी कोण आणि खाल्ली गेली कोण? पाळण्यातल्या मुलाने बाईचा जीव शोषून घेतला, हे दृश्य कुठल्याही परदेशी मालिकेत दाखवलं असतं तर आपल्या पत्रलेखकांनी टीव्ही बंद केला असता. पण तेच आपण गोकुळाष्टमीला रांगोळीत काढतो आणि शेवटी पूतनेलाही सद्गती मिळाली म्हणून हात जोडतो.

घरातल्या देवाची प्रभावळ जरा जवळून बघा. पितळी असो की चांदीची, कमानीच्या अगदी माथ्यावर, देवाच्या डोक्याच्याही वर, बटबटीत डोळ्यांचं, खालचा जबडा नसलेलं एक तोंड असतं. ते कीर्तिमुख. शिवपुराणात जालंधराच्या कथेत त्याचा जन्म आहे. जालंधराचा दूत म्हणून राहू आला आणि शंकराकडे पार्वतीची मागणी केली. शंकराच्या कपाळातून एक भुकेलं भूत उसळलं, हाडांचा सापळा, सिंहाचं तोंड. ते राहूवर धावलं. राहूने शरण जाऊन जीव वाचवला, पण भूत विचारत राहिलं, आता मी खाऊ काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने खाल्लं. पाय, हात, पोट, छाती, खात खात शेवटी नुसतं तोंड उरलं. शंकर प्रसन्न झाले, त्याला कीर्तिमुख नाव दिलं आणि दारावर जागा दिली. हेमाडपंती देवळांच्या उंबरठ्यावरही ते कोरलेलं असतं, आपण त्याला ओलांडून आत जातो. कोरणाऱ्या पाथरवटाने त्याला कधी गोजिरवाणं करायचा प्रयत्न केला नाही, आणि कुणा भाविकाने तशी मागणीही केली नाही. मी वर्गात ही गोष्ट सांगायची आणि मुलांना कीर्तिमुख काढायला द्यायची. सगळ्यात खोडकर पोट्टा त्या तासाला मान वर करत नसे.

आता पत्रलेखकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते, कारण ती खरी आहे. नेमका ‘आत्मा’ खाणारा प्राणी आपला नाही. आपल्याकडच्या भुतांची यादी घ्या: मुंजा, समंध, खवीस, झोटिंग, हडळ, जखीण, अलवंतीण, गिऱ्हा, चकवा. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर अडकलेला. अलवंतीण बाळंतपणात गेलेली. गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा रात्रभर शेतातच गोल गोल फिरवतो आणि पहाटे माणूस आपल्याच बांधावर सापडतो. हे झपाटतात, अंगात येतात, वाट चुकवतात, क्वचित जीवही घेतात, पण आत्मा खात नाहीत. ते स्वतःच उपाशी राहिलेले जीव आहेत. कुणाचं लग्न राहिलं, कुणाचं लेकरू राहिलं. म्हणून त्यांना भाताचा मुटका ठेवायचा, पिंड द्यायचा. खाऊ घालून शांत करायची भुतं आहेत ही.

आणि आत्मा खाल्ला जाईलच कसा? शस्त्राने तुटत नाही, आगीने जळत नाही हे गीतेतलं वाक्य आपल्याकडे दहाव्याच्या दिवशीसुद्धा म्हटलं जातं. कठोपनिषदाने तर पान उलटंच मांडलं आहे. तिथे आत्मा हाच खाणारा आहे. ब्राह्मण आणि क्षत्रिय हा त्याचा भात आणि मृत्यू हे त्याचं तोंडीलावणं. एवढी भयानक आणि एवढी भव्य प्रतिमा कुठल्या व्हिडिओ गेममध्ये असेल तर मला दाखवा. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक बौद्ध सहकारी होते, त्यांच्याकडे हा विषय काढला की ते हसून म्हणायचे, “बाई, आम्हाला तर भगवंतांनी आत्माच ठेवला नाही, आम्हाला कोण खाईल?” दीक्षाभूमीच्या शहरात हेही उत्तर घरचंच आहे. मात्र अजिंठ्याला १७ नंबरच्या लेण्यात व्हरांड्याच्या भिंतीवर भवचक्र, म्हणजे जन्ममरणाचं चाक, रंगवलेलं आहे, आता बरंच झिजलं आहे. तिबेटी पटचित्रांत तेच चक्र एक सुळेवाला राक्षस दातांत आणि नखांत धरून असतो. तो कुणा एकाला खात नाही. सगळं जगच त्याच्या तोंडात आहे.

मग आत्मा खाणारा आला कुठून? जुना आहे तो, पण मोबाइलमुळे जुना वाटत नाही. इजिप्तमध्ये मेलेल्याचं हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि सत्याचं पीस दुसऱ्यात. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस काटा बघतो, बगळ्यासारख्या लांब चोचीचा थोथ निकाल लिहितो. बाजूला बसलेली असते अम्मित. डोकं सुसरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. नाईलकाठच्या माणसाला ज्या तीन जनावरांची सगळ्यात जास्त भीती, ती तीन एकत्र शिवलेली. हृदय जड भरलं की ती ते खाते आणि माणूस दुसऱ्यांदा, कायमचा मरतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ‘आनी’ नावाच्या लेखनिकाचा पपायरस आहे, साधारण सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात हे सगळं आहे. गंमत अशी की मी छापील पुस्तकांत पाहिलेल्या एकाही चित्रात अम्मित खाताना दिसत नाही. ती नुसती वाट बघत बसते. साहजिक आहे. ती गुंडाळी ज्याच्या कबरीत ठेवायची त्यानेच पैसे मोजलेले, आपणच नापास झाल्याचं चित्र कोण विकत घेईल?

इटलीतल्या चित्रकारांना तो संकोच नव्हता. फ्लॉरेन्सच्या बाप्टिस्टरीच्या घुमटात तेराव्या शतकातलं मोझॅक आहे. त्यातला सैतान एकाला तोंडात धरून बसला आहे आणि त्याच्या कानांतून निघालेले सापही एकेकाला गिळताहेत. पादुआच्या चॅपेलमध्ये जोत्तोने १३०५ च्या सुमारास काढलेला निळसर सैतान पाप्यांना तोंडाने खातो आणि खालून बाहेर टाकतो. हे चित्र मी वर्गात कधी दाखवलं नाही, त्या दिवशी दुसरं काही शिकवून झालं नसतं.

इथे माझ्या धंद्यातला खरा प्रश्न येतो. खाणारा काढणं सोपं आहे. दात, नखं, सावली, झालं. खाल्लं जाणारं काय काढायचं? आत्मा दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कागदावर आणायचं आहे. पिढ्यान्पिढ्या चित्रकार इथे अडले आणि प्रत्येकाने आपली वाट काढली. इजिप्तवाल्यांनी तराजूत हृदय ठेवलं. माणसाचा जो भाग मेल्यावर उडून फिरतो त्याला त्यांनी पक्ष्याचं अंग आणि माणसाचं डोकं दिलं. इटलीवाल्यांनी आत्मे म्हणजे छोटी उघडी माणसं काढली. आपल्या महाभारतात, वनपर्वात, सत्यवानाच्या देहातून यम पाश टाकून अंगठ्याएवढा पुरुष ओढून काढतो. अंगठ्याएवढा! व्यासांनी चित्रकाराला मापच देऊन ठेवलं आहे. वडाला दोरा गुंडाळताना ही कथा पुस्तकातून वाचली जाते, पण तो अंगठ्याएवढा सत्यवान मी एकाही कॅलेंडरवर पाहिला नाही. सगळीकडे रेड्यावरचा यम आणि रडणारी सावित्री. तिकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टरांनी मरणाऱ्या सहा रुग्णांच्या खाटा काट्यावर ठेवून आत्म्याचं वजन काढायचा प्रयत्न केला. एकाच्या बाबतीत आलेल्या आकड्यावरून २१ ग्रॅम ही कथा जगभर झाली, शास्त्रज्ञांनी ती कधी मानली नाही. आमच्या सातवीतल्या बाईसाहेबांनी तो प्रश्न पोटच न काढून सोडवला.

आजच्या कथा-खेळांतल्या प्राण्यांचंही हेच मोजमाप लावून बघावं. हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागात, १९९९ साली, डिमेंटर आले. बुरख्याखाली डोळे नाहीत, नुसतं तोंडाचं भोक. ते आले की हवा गार होते, आठवणीतलं सगळं सुख शोषलं जातं आणि शेवटी चुंबनाने आत्मा ओढून घेतला जातो. लेखिकेने स्वतःच्या नैराश्याच्या काळातून ते सुचल्याचं सांगितलं आहे. ज्याने घरात असा आजार पाहिला असेल त्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यावर औषध काय, तर चॉकलेट. मुलांना हे इतकं पटतं की विचारू नका. ‘ब्लीच’ या जपानी चित्रमालिकेत २००१ पासून जे ‘हॉलो’ आहेत त्यांच्या तोंडावर हाडाचा मुखवटा आणि अंगात आरपार भोक असतं. ते आधी साधे आत्मेच होते; मन हरवलं, पोकळी पडली, आता ती भरायला दुसऱ्यांचे आत्मे खातात. हे वाचताना मला आपला मुंजाच आठवला, फक्त त्याला पिंड द्यायला कुणी आलं नाही. पोकेमॉनमध्ये २०१० च्या सुमारास लिटविक नावाची एक गोंडस मेणबत्ती आली. अंधारात वाट दाखवायच्या बहाण्याने पुढे पुढे चालते आणि मागून येणाऱ्याची प्राणशक्ती पिते. वऱ्हाडातल्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगा, तो म्हणेल, हा तर आमचा चकवा, तुम्ही त्याला डोळे काहून लावले?

बरगड्यांच्या पिंजऱ्यात कोंडलेला आत्मा, ही कल्पनाही त्या मुलीची नाही, हे मला माहीत आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत छापला गेलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ फासे टाकून आणि गोष्टी रचून खेळतात. पुढे त्यात एक हाडकुळा राक्षस आला, त्याच्या छातीत अशीच एक छोटी आकृती अडकलेली असते आणि तिची शक्ती जाळून तो जादू करतो. तिने तो कुठेतरी, बहुतेक एखाद्या भावाच्या मोबाइलवर, पाहिला असणार. पण मूळ राक्षसाच्या छातीत एकच कैदी असतो, तोही इंधन म्हणून. हिने तिथे वस्ती केली. बाईला पदर खोचायला दिला, पोराला झोपायला दप्तर दिलं. आणि कडी लावली, जी त्या परदेशी राक्षसाला नाही. उचललेल्या कल्पनेत एवढी भर घालणाऱ्या मुलीला आपण समज देणार, आणि कशाबद्दल?

आता तो भाजीबाजार. एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांतल्या स्मरणचित्राचा विषय म्हणून हा भाजीबाजार इतक्या पिढ्यांनी काढला आहे की आता तो कुणी आठवून काढत नाही, गाइडातून काढतो. डावीकडे टोपलीवाली बाई, उजवीकडे छत्री, मागे दोन झाडं, पिशवी घेतलेला सदऱ्यातला माणूस. भिंतीवर टांगलेल्या चित्रातली बाई तर पाठमोरी होती, कारण चेहरा काढता येत नाही असं शिकवणीत सांगितलेलं असतं. त्या चित्रात कुणी अपशकुन पाहिला नाही. मला विचाराल तर प्रदर्शनात आत्मा नसलेलं एकच चित्र होतं आणि ते हे.

राक्षसांची सगळी चित्रं मला आवडतात असा अर्थ कुणी काढू नये. त्याच स्पर्धेत बाकी जे आत्माखाऊ आले होते ते बहुतेक कचरा होते. मोबाइलवर चार शब्द टाकले की तयार चित्र मिळतं, त्यावरून छापा काढायचा आणि पेन्सिलने गिरवायचं, असा प्रकार आता सर्रास चालतो. निळा धूर, लाल डोळे, दातांच्या तीन रांगा, बोटं मोजली तर सहा. धूर म्हणजे आत्मा काढायचा कंटाळा, हे मी त्या मुलांना तोंडावर सांगितलं. हा काय खातो, का खातो, खाल्लेलं कुठे जातं, हे विचारलं तर उत्तर नाही. परीक्षकांनी या प्रश्नांवर गुण कापावेत; मी कापले. पत्रलेखकांना चित्रं बाद करायचीच असतील तर ही करा, पण भयंकर म्हणून नको. आळशी म्हणून करा.

मुलं घाबरतात का? लहान वर्गातली घाबरतात. पहिली-दुसरीच्या पोरांसमोर असं चित्र टांगू नये हे मलाही मान्य आहे, त्यांच्यासाठी वेगळी भिंत ठेवा. पाचवीच्या पुढची मुलं मात्र घाबरण्यासाठीच गोष्टी मागतात. आजीने भुताची गोष्ट अर्धी सोडली तर ती रात्रभर झोपत नाहीत. पुरी केली तर झोपतात. आणि स्वतः काढलेल्या राक्षसाला तर कुणीच घाबरत नाही. त्याचे पाय कसे चुकलेत ते काढणाऱ्याला ठाऊक असतं.

भीतीचा धंदा करणारे वेगळे आहेत, आणि ते चित्रं काढत नाहीत. ‘तुमच्या पोराचा आत्मा कुणीतरी बांधून ठेवला आहे, सोडवायला इतके लागतील’ असं सांगणारा बुवा रंगाची बाटली घेऊन बसत नाही. याच नागपुरात, २०१३ च्या हिवाळी अधिवेशनात, जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने मंजूर केला. त्याआधी चारच महिन्यांपूर्वी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या होत्या. एवढी किंमत मोजून आलेला कायदा ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्याविरुद्ध पालकांचं पत्र आपल्याकडे आलं असतं तर मी पहिली सही केली असती. सातवीतल्या मुलीचं चित्र ‘अपशकुनी’ म्हणून उतरवायचं आणि वर तेच विकृतीला आळा घालणं समजायचं, हे जमत नाही. अपशकुन हाच तर त्या बुवांचा माल आहे.

पत्र लांबलं आहे, याची जाणीव आहे. जागा कमी असेल तर इजिप्त-इटली कापा, मारबत ठेवा.

दोन मागण्या आहेत. एक, स्पर्धा घेणाऱ्या संस्थांसाठी: चित्र निवडीतून किंवा भिंतीवरून काढायचं असेल तर कारण एका ओळीत लिहून, खाली सही करून मुलाच्या हातात द्यावं. ‘अपशकुनी’ असं स्वतःच्या सहीने लिहायला कितीजण तयार होतात ते कळेल. दुसरी आपल्यासाठी. तान्ह्या पोळ्याला आपण मुलांची पुरवणी काढता, त्यात दरवर्षी लाकडी बैलाला रंग द्या म्हणून रेषाचित्र छापून येतं. यंदा त्याच्याऐवजी एक पान कोरं सोडा आणि मुलांना सांगा, आपली मारबत, आपला बडग्या (मारबतीबरोबर निघतो तो पुतळा), आपला राक्षस काढून पाठवा. अट एकच ठेवा: चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, स्वतःच्या अक्षरात, तो काय खातो ते लिहायचं. निवड करायला मी येईन, मानधन नको. फक्त छापताना एक पाहा, आपल्या न्यूजप्रिंटवर गडद चित्रांचा पार डांबर होतो. गेल्या वर्षी गणपतीच्या पानावर उंदीर शोधावा लागला होता. मुलांना आधीच सांगा की अंधार निळ्याने करा, काळ्याने नको.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
महाल, नागपूर

(नाव आपल्या माहितीसाठी सोबतच्या चिठ्ठीत दिले आहे, कृपया छापू नये.)